नाव घालायचे वेगळे पैसे

भांडी बाजारात आमच्या दुकानावर पाटी आहे:
नाव घालायचे वेगळे पैसे.
अक्षराला दोन रुपये. काना, मात्रा, वेलांटी त्यातच.
वडिलांमागे छिन्नी माझ्याकडे आली,
भाऊ सातपूरच्या कंपनीत कायम झाला म्हणून.

तीस वर्षं घागरींवर, परातींवर, समयांच्या बुडाशी
टिंबाटिंबांनी लिहिते आहे.
कै. अमुक यांच्या स्मरणार्थ.
चि. सौ. कां. हिला मामाकडून.
मामाचं नाव पूर्ण, आडनाव, मुक्काम पोस्टासकट.
हिला म्हणजे कोणाला,
ते भांड्याला ठाऊक.

फेब्रुवारीत महापालिकेची समिती आली.
रामवाडीच्या पुलाअलीकडे, गोदेच्या अंगाला,
बायकांच्या मताधिकाराचं स्मारक व्हायचंय.
आधी पुतळा ठरला होता. फायबरचा, नऊ फुटी,
डोक्यावर पदर, बोट वर, बोटाला शाई.
बोट डावं की उजवं, यात दोन बैठका गेल्या.
तिसरीत कुमुदिनी वाघचौरे उठल्या,
निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज अजून वर्गातला,
आणि पिशवीतून काढली एक्कावन्न सालची यादी,
कडा वाळवीने खाल्लेली.
"पुतळा नको. आधी हे वाचा."

एकशे बारा: दगडू काशिनाथ याची बायको.
एकशे तेरा: त्याचीच आई.
एकशे एकोणीस: विधवा, घर नंबर चार.
आणि सगळ्यांवरून लाल रेघ,
पट्टी लावून मारलेली, कुठेही न हललेली.
नाव सांगितलं नाही, तर मत नाही.

कारकून दारात उभा असेल, दौत सांभाळत.
परक्या पुरुषाला नाव सांगायचं कसं?
सासूने आतून खाकरलं असेल.
किंवा तिचं तिलाच कळलं नसेल, कुठलं सांगावं:
माहेरी राहिलेलं,
की ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं,
जे चारचौघांनी वाचलं
आणि मग तांदूळ डब्यात गेले.

आता तांब्याचा पत्रा आलाय दुकानात, बारा फुटी,
आळीतल्या उरल्यासुरल्या भट्ट्यांनी मिळून ठोकलेला.
दार काढून आत घ्यावा लागला.
कुमुदिनीबाई नावं शोधत फिरल्या,
पंचवटी, जुनं नाशिक, सिन्नर, पार ओझरपर्यंत,
जिथे जिथे लेकी दिल्या होत्या.
शंभरात एकेचाळीस लागली.
एकीचं रेशनकार्डावर. एकीचं गोंदणात,
ते सुनेने डोळे मिटून, मनगट आठवून सांगितलं.
एका घरी म्हणाले, आम्ही बाय म्हणायचो.
बाय म्हणूनच गेली.

अभियंता म्हणाला, बाकीच्यांपुढे 'अज्ञात' घाला.
तीन अक्षरं. स्वस्त पडलं असतं.
मी नाही म्हटलं.
बायला बाय लिहिलं.
जिथे तेवढंही नाही तिथे एकच टिंब मारलं, नीट, खोल.
कुठलंही अक्षर मी तिथूनच सुरू करते.
उद्या कोणी आठवून आलं
तर पुढे चालू करता येईल.

एकशे बारा सापडली सगळ्यात शेवटी.
पणतीचा फोन आला, देवळाली कॅम्पातून, रात्री दहाला.
म्हणाली, पुतळा.
मला वाटलं समितीचं काही विचारते आहे.
नाही हो, पणजीचं नाव. पुतळाबाई.

समितीत सगळे हसले, कुमुदिनीबाईसुद्धा.
पुतळा नको, असा ठराव आहे,
सर्वानुमते, इतिवृत्तात, सहीशिक्क्यासह.
मी हसत होते पण हात थांबवला नाही.
पु-ला एक ठोका वाकडा पडला, तो तसाच आहे.

नगरसेवकांच्या नावांना वेगळा माणूस लावलाय, ग्रॅनाइटवाला.
त्याचं ते बघून घेतील.
माझं बिल मी दिलंय.
पुतळाबाई, अक्षरं पाच, रुपये दहा.
एका टिंबाचे किती लावायचे, ते पाटीवर नव्हतं.
त्याचेही लावलेत.
बायकांचं फुकटात करून घ्यायची सवय
आता मोडलेली बरी.